चार्जरच्या ठोकळ्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा

तीन आठवडे मी माझ्या लॅपटॉपला शिव्या घातल्या आणि दोष त्याचा नव्हताच. हे चारचौघांत कबूल करतेय, कारण परवा एका मैत्रिणीनेही तसाच घोळ घातला आणि ती तर थेट नवा लॅपटॉप घ्यायला निघाली होती.

झालं असं की माझा जुना चार्जर गेला. चार्जर सहसा एकदम जात नाही, तो कुरकुरत कुरकुरत जातो. आधी पिनेजवळ, जिथे तो रबरी गळा असतो ना, तिथे वायर भेगाळली. मी काळी टेप गुंडाळली. मग वायर एका ठरावीक कोनात असेल तरच चार्जिंग सुरू व्हायला लागलं, म्हणून तिच्याखाली डायरी ठेवली. पुढे डायरी पुरेना, तेव्हा डायरीखाली शब्दकोश. टेबलाला कुणाचा धक्का लागला की मी खेकसायचे. शेवटी एके दुपारी टेपेतून बारीकसा जळका वास आला आणि मी मुकाट्याने प्लग काढला. खरं तर तो शब्दकोशाच्या वेळीच काढायला हवा होता. वायर सारखी वाकते तेव्हा आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटतात आणि उरलेल्या दोन-चार तारांवरून सगळा करंट जातो. ती जागा तापते ती त्यामुळे. टेपेने काही दुरुस्त होत नाही, फक्त तुटलेलं दिसेनासं होतं.

नवा घ्यायला ऑनलाइन गेले. मॉडेलचं नाव टाकलं, ‘कम्पॅटिबल’ लिहिलेल्या चार्जरांची रांग लागली. सगळे काळे, सगळे सारखे, सगळ्यांना साडेचार स्टार. त्यातला स्वस्त, पण अगदीच सगळ्यात स्वस्त नको, या माझ्या जन्मभराच्या नियमाने एक मागवला. पिन टचकन बसली, दिवा लागला. विषय संपला, असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप म्हातारा झाला. फाइल उघडायला टाकावी आणि उठून एक काम करून यावं. व्हिडिओ कॉलवर माझं तोंड एकीकडे, आवाज दुसरीकडे. बॅटरी ४१ टक्क्यांवर जाऊन बसली ती बसलीच. मी अपडेटला दोष दिला, अँटिव्हायरसला दिला, मग ‘चालायचंच, वय झालं त्याचं’ म्हणून लॅपटॉपवर दया केली. चार्जरचा संशय एकदाही आला नाही. दिवा लागत होता ना!

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी भाचा आला. त्याच्यासमोर मी लॅपटॉप सुरू केला आणि नेहमीसारखं एंटर मारून पुढे गेले.

‘‘मावशी, ते वाचलंस का?’’

‘‘काय?’’

‘‘आत्ता जे एंटर मारून घालवलंस ते.’’

परत सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत स्वच्छ लिहिलं होतं की जोडलेला अडॅप्टर (म्हणजे आपला चार्जर) किती वॅटचा आणि कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखता येत नाही, बॅटरी चार्ज होणार नाही, मशीन हळू चालेल. तीन आठवडे रोज सकाळी तो बिचारा मला हेच सांगत होता. मग भाच्याने टास्क मॅनेजर उघडून दाखवला. प्रोसेसरचा वेग ०.७९ गिगाहर्ट्झ. काहीही उघडा, काहीही बंद करा, आकडा हलेना. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवला तर क्षणात दोनच्या वर! चार्जर लावल्यावर हळू आणि काढल्यावर पळतोय, असला उफराटा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला.

कारण असं आहे. काही कंपन्यांच्या गोल पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून लॅपटॉपला वीज मिळत नाही, माहिती मिळते. चार्जरमध्ये एक इवलीशी चिप असते, ती सुईवाटे सांगते की मी अमुक वॅटचा आहे. हे ऐकू आलं नाही तर लॅपटॉप जपून वागतो. बॅटरीला काही देत नाही आणि प्रोसेसरला मंद गतीवर टाकतो. माझ्या नव्या चार्जरमध्ये सुई होती, पण ती नुसती शोभेची. मागे चिपच नव्हती.

आता यावर माझं मत. ही व्यवस्था मुळात चुकीची नाही. कमी ताकदीच्या चार्जरमधून जास्त ओढलं तर तो तापणार, तेव्हा आधी विचारून घेणं शहाणपणाचंच. पण इतकी महत्त्वाची गोष्ट फक्त सुरू होतानाच्या पडद्यावर सांगायची, आणि नंतर दिवसभर मशीन गोगलगाय करून ठेवायचं आणि का ते बोलायचं नाही, याला काय म्हणावं? शिवाय सुईची केसाएवढी तार तुटली तरी हाच प्रकार होतो. धडधाकट चार्जर एका केसापायी भंगारात!

‘‘जुना टाकलास का?’’ भाच्याने विचारलं. मी काहीच टाकत नाही. खणातून काढला. म्हणाला, पाठ बघ. काळ्यावर करडी अक्षरं, मुंगीच्या पावलाएवढी. चष्म्याने भागेना, तेव्हा मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचला. इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. म्हणजे जगात कुठेही चालेल, फक्त भिंतीतल्या प्लगचा आकार बदलेल. आणि त्याखाली ज्यासाठी हा सगळा खटाटोप ती ओळ: आउटपुट १९.५ व्होल्ट, ४.६२ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट मिळतात, साधारण ९०. मग नव्याची पाठ. १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. म्हणजे ६५. चिप नाही ती नाहीच, वर ताकदही कमी! आणि पिन मात्र हुबेहूब तीच.

भाच्याने एक वाक्य सांगितलं ते मी पाठ केलंय: व्होल्ट चार्जर ठरवतो, अँपिअर लॅपटॉप ठरवतो. चार्जरवर जेवढे व्होल्ट लिहिलेत तेवढे तो देणारच, लॅपटॉपला मानवोत न मानवोत. म्हणून ते जुळायलाच हवेत. १९ आणि १९.५ एवढा फरक बहुतेक लॅपटॉप पचवतात, पण १९ च्या जागी २४ म्हणजे गाठ कशाशी आहे ते बघा. अँपिअरचं उलट आहे. तिथला आकडा म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते. लॅपटॉप लागेल तेवढंच घेतो. म्हणून अँपिअर जास्त असले तर काही बिघडत नाही, कमी असले तर बिघडतं. ‘मोठा चार्जर लावला तर बॅटरी जळेल’ ही भीती मी किती जणांकडून ऐकलीय! बॅटरी किती आणि कशी भरायची हे ठरवणारं सर्किट लॅपटॉपच्या पोटात असतं. बाहेरचा ठोकळा फक्त घरातल्या विजेची ठरलेल्या व्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज करून देतो. त्याला आपण चार्जर म्हणतो ते लाडाने.

आणि ‘पिन बसली’ हा शब्द तर मला आता ऐकवतच नाही. बाहेरून ५.५ मिलिमीटरची पिन आतल्या भोकाच्या मापाने २.१ ची असते, २.५ चीही असते. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटमध्ये बसते, दिवाही लागतो, पण आत नीट टेकत नाही. मग ती ठिणग्या उडवत आणि तापत राहते आणि शेवटी लॅपटॉपचं सॉकेटच जातं. डोळ्यांना हा अर्ध्या मिलिमीटरचा फरक कळत नाही, मापं वाचावीच लागतात. चार्जरच्या पाठीवर दोन गोल आणि मध्ये ठिपका असं एक चिन्ह असतं, त्यात आतली बाजू प्लस आहे की मायनस ते दाखवलेलं असतं. लॅपटॉपला बहुतेक आतली प्लसच असते, तरी बघायला काय जातं?

(एक राहिलंच. ठोकळ्यापासून भिंतीपर्यंतची वायर बहुतेक चार्जरांना वेगळी निघते. आधी तेवढीच बदलून बघा. कित्येकदा गेलेली तीच असते.)

ओरिजिनलच घ्यावा का, हे मला आता सगळे विचारतात, जणू मी डॉक्टरेट केलीय. परवडत असेल आणि कंपनीकडूनच मिळत असेल तर जरूर घ्या. पण बाजारात ‘ओरिजिनल’ छापलेले नकली इतके आहेत की त्यापेक्षा ज्याच्यावर बनवणाऱ्याने स्वतःचं नाव घातलंय असा दुसऱ्या कंपनीचा चार्जर मला जास्त विश्वासाचा वाटतो. दुसऱ्याच्या नावाचं लेबल चिकटवणारा माणूस आतमध्ये काय काटकसर करत असेल? आत एका बाजूला भिंतीतली वीज असते, दुसऱ्या बाजूला आपल्या हाताखाली येणारी. या दोहोंमध्ये काही मिलिमीटरचं अंतर आणि चांगलं इन्सुलेशन ठेवणं, हेच चार्जरचं खरं काम. स्वस्त नकलीत पहिली कात्री तिथेच लागते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

भाचा म्हणतो, पुढचा लॅपटॉप टाइप-सी वर चार्ज होणारा घे. त्यात चार्जर आणि लॅपटॉप आधी बोलून घेतात. सुरुवात ५ व्होल्टने, मग ९, १५ किंवा २०, जे दोघांना मान्य असेल ते. ही बोली सगळ्या कंपन्यांची एकच. युरोपियन युनियनने २८ एप्रिल २०२६ पासून बाजारात येणाऱ्या लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंगची सोय सक्तीची केली, ती मला तरी पटते. तिथेही गोम आहेच म्हणा. साध्या केबलमधून ६० वॅटच जातात, त्यापुढे केबलमध्येच चिप लागते. म्हणजे शंभर वॅटचा चार्जर आणून मोबाइलची कुठलीतरी केबल लावणार असाल तर परत माझ्यासारखंच होईल.

मी मग ९० वॅटचा, चिपवाला मागवला. काळा पडदा आता गप्प असतो. लॅपटॉप पळतोय, वय वगैरे काही झालेलं नाही त्याचं. चार्जरच्या पाठीचा फोटो मोबाइलमध्ये वेगळा जपून ठेवलाय.

मैत्रिणीची तक्रार थोडी निराळी होती. चार्जर लावलेला असतानाही तिची बॅटरी उतरत होती. तिला म्हटलं, पाठीचा फोटो पाठव. तिने लॅपटॉपच्या पाठीचा पाठवला. तेही बरंच झालं, कारण लॅपटॉपला काय हवंय ते तिथेही लिहिलेलं असतं. १९ व्होल्ट, २.३७ अँपिअर, म्हणजे ४५ वॅट. मग चार्जरचा आला. १९ व्होल्ट, १.७५ अँपिअर. गुणाकार तिनेच केला आणि नवा लॅपटॉप कार्टमधून काढून टाकला. चार्जर परत करायची मुदत मात्र आदल्याच दिवशी संपली होती.