कॅच रिकामा ठेवणाऱ्याला एक रात्रपाळी काट्यावर बसवा

काल रात्री साडेनऊला रबाळ्याच्या एका कारखान्याच्या गेटवरून फोन. ट्रक वजनकाट्यावर उभा, काटा सांभाळणाऱ्या दादांनी इंडिकेटरचं (वजन दाखवणाऱ्या यंत्राचं) प्रिंट दाबलं, पण आमच्या सॉफ्टवेअरच्या यादीत ओळच येईना. परत दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. आज सकाळी बघते तर डेटाबेसमध्ये एकाच ट्रकच्या तीन पावत्या, आणि साहेबांनी झापलं कोणाला, तर दादांना! तेही ट्रक ड्रायव्हरसमोर.

महाप्याला ऑफिसात येऊन कोड उघडला आणि डोकंच फिरलं. काटा जोडलेल्या सिरियल पोर्टचा डेटा रिसिव्ह्ड इव्हेंट (डेटा आल्याची खबर) दुसऱ्या थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या यूआय थ्रेडला समांतर चालणाऱ्या धाग्यावर येतो, मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहून ठेवलंय. आमच्या सीनियरनी त्याच थ्रेडवरून सरळ ऑब्झर्वेबल कलेक्शनमध्ये, म्हणजे स्क्रीनला जोडलेल्या यादीत, ॲड मारलंय. डब्ल्यूपीएफ, म्हणजे स्क्रीन चालवणारी मायक्रोसॉफ्टची चौकट, त्यावर एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) फेकतं, फेकायलाच हवं. तर त्याभोवती तो इशारा पकडणारं ट्राय-कॅच, आणि पकडल्यावर काय करायचं ते जिथे लिहायचं तो कॅच रिकामा. लॉगची एक ओळ नाही! अहो, ॲड करताना आयटम आधी आत जातो आणि मग स्क्रीनला खबर जाते. एक्सेप्शन येतं ते खबर देताना. म्हणजे पावती मेमरीत आहे, डेटाबेसमध्ये आहे, आणि ज्या माणसाला दिसायला हवी त्याच्याच समोर नाही.

विचारलं तर म्हणे, "माझ्या मशीनवर चालतं." चालणारच! तुमच्या मशीनला काटा कुठे जोडलाय? तुम्ही टेस्टचं बटण दाबता, ते यूआय थ्रेडवरच चालतं. वर आणखी, "वजनाचा आकडा तर बरोबर बदलतो." तो म्हणजे एकटी प्रॉपर्टी (एकच किंमत) आहे, तिचा बदल डब्ल्यूपीएफ स्वतःच यूआय थ्रेडवर नेतं. यादीसाठी ते असं करत नाही. इतकी वर्षं यात काढलेल्या माणसाला हे सांगावं लागतं?

दुपारी त्यांनी 'फिक्स' केलं. डिस्पॅचर इन्व्होक, म्हणजे काम यूआय थ्रेडकडे द्यायचं आणि ते होईपर्यंत थांबून राहायचं. आता खिडकी बंद करायला गेलं की ॲप गोठतं. यूआय थ्रेड पोर्ट बंद करताना इव्हेंट संपायची वाट बघतोय, आणि इव्हेंट इन्व्होकमध्ये यूआय थ्रेडची वाट बघतोय. दोघं एकमेकांना अडवून बसलेत. तिथे बिगिन इन्व्होक हवं होतं, निरोप टाकायचा आणि पुढे जायचं. नाहीतर २०१२ पासून, डॉट नेट ४.५ मध्ये, इनेबल कलेक्शन सिंक्रोनायझेशन आहे, त्याने यादी दुसऱ्या थ्रेडवरूनही बदलता येते. एक लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) ठरवा, यूआय थ्रेडवरून एकदा नोंदवा, आणि आपल्या कोडमध्येही ॲड करताना तोच लॉक घ्या. हे शेवटचं विसरलात तर सगळं फुकट. आमच्याकडे तर काट्याची पावती मिनिटाला एक जेमतेम येते, त्यामुळे बिगिन इन्व्होकची एक ओळ पुरली असती. एक ओळ!

संध्याकाळी मी ती ओळ टाकली, कॅचमध्ये लॉग टाकला, आणि घणसोलीहून ट्रेन पकडून रबाळ्याला उतरले, गेटवर जाऊन बसवून दिलं. लागोपाठ चार ट्रक झाले, चारही ओळी आल्या. दादांच्या कीबोर्डशेजारी शंभर पानी वही होती, त्यात ट्रक नंबर, वेळ, वजन, सगळं पेनाने लिहिलेलं. म्हटलं, दादा, आता दिसतंय ना स्क्रीनवर? "दिसतंय ताई," म्हणाले, आणि पाचव्या ट्रकचा नंबर वहीत लिहायला घेतला.