‘पीकेसी म्हणजे कॅन्सरचं बटण’: हा दावा टिकत नाही

‘प्रोटीन कायनेज सी, म्हणजे पीकेसी, हे कॅन्सरचं बटण आहे. ते चालू झालं की गाठ वाढते, बंद केलं की थांबते. शास्त्रज्ञांनी हे केव्हाच सिद्ध केलंय,’ असा मजकूर सध्या खूप फिरतोय. एकेक मुद्दा घेऊ.

‘बटण एकच.’ पीकेसी हे एन्झाइमांचं कुटुंब आहे. अल्फा, बीटा, गॅमा यांना कॅल्शियम आणि डायअ‍ॅसिलग्लिसरॉल दोन्ही लागतात. डायअ‍ॅसिलग्लिसरॉल म्हणजे पेशीला संदेश मिळाल्यावर तिच्या पटलात तयार होणारा चरबीसारखा रेणू. डेल्टा, एप्सिलॉन, ईटा, थीटा यांचं कॅल्शियमवाचून भागतं. झीटा आणि आयोटा यांना दोन्हींची गरज नाही. पहिल्या दोन गटांतल्या नव्या रेणूला आधी ठरावीक जागी फॉस्फेट लागतात आणि त्याची घडी पक्की बसते. मग त्याच्याच साखळीतला एक तुकडा त्याच्या कार्यस्थळात शिरून ते अडवून धरतो. पेशीपटलावर डायअ‍ॅसिलग्लिसरॉल तयार झालं, रेणू तिथे जाऊन चिकटला, की तो तुकडा बाहेर निघतो आणि एन्झाइम चालू होतं. म्हणजे फॉस्फेट बंद रेणूवरही असतात. त्यामुळे वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीत, फॉस्फो-पीकेसीचा (फॉस्फेट लागलेल्या पीकेसीचा) ठळक पट्टा दिसला म्हणून ‘पीकेसी सक्रिय’ असं लिहिणं चूक आहे, आणि ही चूक शोधनिबंधांतही भेटते. तो पट्टा एवढंच सांगतो की रेणू तयार आहे आणि टिकून आहे.

‘सिद्ध झालंय.’ हा मुद्दा वजनदार आहे. जमालगोट्याच्या तेलातले फॉर्बोल एस्टर उंदरांच्या कातडीवर गाठी वाढवतात हे खरं. पीकेसी शोधणाऱ्या यासुतोमी निशिझुका यांच्या जपानमधल्या कोबेतल्या गटाने १९८२ मध्ये दाखवलं की हे पदार्थ पीकेसीला थेट चालू करतात. दोन्ही गोष्टी जोडून निष्कर्ष काढला गेला. पण त्यात वेळेचा हिशेब राहून गेला. डायअ‍ॅसिलग्लिसरॉलची पेशी मिनिटांत विल्हेवाट लावते. फॉर्बोल एस्टर तिला तसा मोडता येत नाही. त्यामुळे पीकेसीचा रेणू तासन्‌तास उघडा राहतो, आणि उघड्या रेणूवरचे फॉस्फेट फॉस्फटेझ एन्झाइमं सहज उतरवतात. फॉस्फेट गेले की रेणू डळमळतो आणि पेशी तो नष्ट करते. पेशींमधून पीकेसी घालवायचं असेल तर त्यांना रात्रभर फॉर्बोल एस्टरमध्ये ठेवायचं, ही प्रयोगशाळांमधली जुनी रीत आहे! मग कातडीवर पुन्हापुन्हा तेल लावल्याने गाठी वाढल्या त्या पीकेसी जागं झाल्यामुळे की संपल्यामुळे? त्या प्रयोगावरून हे ठरत नाही.

‘कॅन्सरमध्ये पीकेसी बेफाम सुटलेलं असतं.’ अमेरिकेतल्या पीकेसी-संशोधक अलेक्झांड्रा न्यूटन यांच्या गटाने २०१५ मध्ये माणसांच्या कॅन्सरमध्ये सापडलेल्या पीकेसीच्या म्युटेशनांपैकी (जनुकातल्या बदलांपैकी) सुमारे ८ टक्के तपासली. बहुतेकांनी एन्झाइम निकामी केलेलं होतं. जास्त चालू करणारं एकही निघालं नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींमधलं पीकेसी-बीटाचं असं एक म्युटेशन क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने दुरुस्त केल्यावर उंदरांमध्ये त्या पेशींची गाठ कमी वाढली.

‘बंद केलं की थांबते.’ करून झालं आहे. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये अप्रिनोकार्सेन आणि ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरमध्ये एन्झास्टॉरिन, ही पीकेसी रोखणारी दोन्ही औषधं मोठ्या चाचण्यांमध्ये अपेशी ठरली.

अपवाद आहेत, आणि ते लपवून चालणार नाही. फुफ्फुसाच्या काही गाठींमध्ये आयोटा वाढीला हातभार लावतं, आणि प्रौढांच्या एका टी-पेशी ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरमध्ये) बीटाला जास्त चालू करणारी म्युटेशनं सापडली आहेत. तिथे रोखण्याचा विचार रास्त आहे. पण आतड्याच्या त्या गाठीत बीटा आधीच निकामी होतं. तिथे ते रोखणारं औषध देऊन काय साधणार?