आईच्या पाटल्या चैनीच्या का?

काल रात्री श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर बंधाऱ्याच्या कट्ट्यावर चैनीच्या वस्तूंवर जबर कर लावावा का यावरून जी चर्चा पेटली ती साडेअकरापर्यंत चालली, घरी आलो तरी डोक्यातून जाईना म्हणून लिहून काढतोय. सुरुवात झाली कट्ट्यावरचा आमचा बाळा, त्याच्या चुलतभावाच्या गाडीवरून. गणपतीला मुंबईहून मोठी एसयूव्ही घेऊन आलाय, आमच्या वाडीतल्या बोळात ती वळतसुद्धा नाही.

मास्तर म्हणाले, असल्या गाड्यांवर २०२५ च्या सप्टेंबरपासून ४० टक्के जीएसटी आहे आणि तोही कमीच, आधी सेस धरून ५० पर्यंत जायचा. चैनीच्या वस्तूंवर शंभर टक्के लावा नाहीतर सरळ बंद करा, देशाचा पैसा फुकट बाहेर जातो. आणि सोन्याचं तर विचारूच नका, वर्षाला ७००-८०० टन सोनं बाहेरून आणतो आपण, ते काय खायचंय?

इथे सोनार उखडला. आमचा सोनार म्हणजे पिढीजात धंदा, नावाने त्याला कोणीच हाक मारत नाही. तो म्हणाला, मास्तर, बंद करून बघितलंय हो, १९६३ साली. मोरारजी देसाई अर्थमंत्री, चीनचं युद्ध नुकतंच झालेलं, सोन्यावर नियंत्रण आणलं आणि १४ कॅरेटच्या वरचा नवीन दागिना करायलाच बंदी. श्रीमंताच्या तिजोरीतलं सोनं तिजोरीतच राहिलं, भट्टी विझली ती आमची. त्याचे आजोबा हातातलं काम सोडून दोन वर्षं दुसऱ्याच्या वाडीत सुपारी सोलायला जायचे. देशभरात सोनारांनी जीव दिले तेव्हा. १४ कॅरेटची अट पुढे उठली पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत होता, आणि सोन्याची चोरटी बिस्किटं काय थांबली? ती आपल्याच खाडीतून यायला लागली.

हे कट्ट्यावर कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सोन्या-चांदीच्या तस्करीने इथल्या किनाऱ्यावर जी माणसं आणि ज्या वाटा तयार झाल्या त्याच वाटांनी १९९३ साली दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं, आणि मुंबईत काय झालं ते सगळ्यांना माहितीय. शेखाडीचं नाव निघालं की आमच्यात अजूनही थोडा वेळ कोणी बोलत नाही. कालही तसंच झालं.

मग मी अमेरिकेतल्या बोटींचं सांगितलं. १९९१ पासून तिथे १ लाख डॉलरच्या वरच्या खासगी बोटींवर, म्हणजे वरच्या रकमेवर, १० टक्के चैन-कर लागला. पैसेवाल्यांनी नवीन बोट घेणंच सोडलं, त्यांचं काय अडत होतं, पण बोटी बांधणारे सुतार, रंगारी, वेल्डर घरी बसले आणि १९९३ मध्ये तो कर काढावा लागला. आपल्याकडे होडी बांधणारा सुतार बघितलाय ना, त्याला काम मिळतंय का एवढाच प्रश्न असतो, होडी मासेमारीची आहे की कोणाच्या मौजेची हे तो कुठे बघतो.

मास्तर ऐकणारे नाहीत. म्हणाले, मग त्या पोराचं काय जो मच्छीवर महिना पंधरा हजार कमावतो आणि लाखाचा फोन हप्त्यावर घेतो? तोळा लाखाच्या वर गेलाय, मुलीच्या बापाला लग्नात चारचौघांत मान राखायला सोनं घालावंच लागतं, ते कर्ज कोण फेडतं? हे मला पटलं. खरंच पटलं. एकाने घातलं की दुसऱ्याला घालावं लागतं, आणि शेवटी ज्याला झेपत नाही तोच मरतो. पण तो त्रास जीएसटी वाढवून कमी होणार नाही, उलट त्या बापाचंच बिल वाढेल.

आणि सोनं म्हणजे चैन हेच मला मान्य नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी अर्ध्या दिवसात आडव्या झाल्या. नवीन रोपाला सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, तोपर्यंत खायचं काय? मदतीचा चेक यायचा तेव्हा आला, त्याआधी छपरावर पत्रे चढले ते आईच्या पाटल्या गहाण टाकून. तिच्याकडे दुसरी बँक नव्हती. १९९१ मध्ये परकीय चलन संपत आलं तेव्हा देशानेसुद्धा हेच केलं ना, रिझर्व्ह बँकेचं जवळजवळ ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं. तेव्हा त्याला चैन कोणी म्हटलं नाही.

मास्तर गप्प बसले, मग म्हणाले तुझ्या आईचं वेगळं रे. मी म्हटलं वेगळं नाही मास्तर, आपल्या आळीत दहातल्या आठ घरांचं हेच आहे, तुम्ही विचारून बघा. बाळा म्हणाला मग गाडीचं काय ते बोला, गाडी थोडीच कोणी वादळात गहाण टाकतं? त्यावर गाडीवर लावा हवा तेवढा कर असं सोनारसुद्धा म्हणाला, फक्त मेकॅनिकचं पोट बघून.

पाटल्या सोडवायला आम्हाला तीन वर्षं लागली. यंदा गौरीला आईने त्या घातल्या, आरशात एकदा हात वळवून बघितला, आणि गौरी गेल्यावर परत डब्यात ठेवल्या.