पुराच्या क्लेमबद्दलच्या एक स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा, आमच्याकडून काढलेल्या विम्याबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. प्रीमियम घेताना गोड बोलतात, दुकानात पाणी आल्यावर निम्मेच पैसे मिळाले, नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेयरशी साटंलोटं आहे, असं तुम्ही लिहिलंय. नुकसान तुमचं झालंय, राग येणारच. पण सांगलीतले बाकीचे दुकानदारही हे वाचणार म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचे आकडे इथे टाकणार नाही, उदाहरण घेतो.

समजा दुकान आणि मागच्या गोडाऊनमधे मिळून 40 लाखांचा माल आहे आणि पॉलिसी 20 लाखांची. पुरात 12 लाखांचं नुकसान झालं तर लोकांना वाटतं 20 च्या आतच आहे, म्हणजे सगळे मिळणार. तसं होत नाही. निम्म्याच मालाचा विमा आहे म्हणून नुकसानही निम्मंच धरतात, म्हणजे 6 लाख. शिवाय सॅल्व्हेज (भिजलेल्या मालाची उरलेली किंमत) आणि एक्सेस (तुम्ही स्वतः सोसायचा ठरलेला भाग) हिशोबात वजा होतात. याला ॲव्हरेज म्हणतात आणि ते पॉलिसीतच छापलेलं असतं. 1 एप्रिल 2021 पासून छोट्या धंद्यांसाठी जी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आली तिच्यात 15 टक्क्यांपर्यंत विमा कमी असला तर सोडून देतात, पण निम्म्याला निम्मं कमी असेल तर नाही.

आता हे होतं कुठून, तर बँकेतून. सीसी लिमिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेने दिलेल्या कर्जाची मर्यादा, जेवढी तेवढ्याचीच पॉलिसी काढायची अशी सवय पडलीय, बँकेला तिचं कर्ज सेफ झालं की पुरतं, तुमच्या स्वतःच्या पैशातला माल उघडाच राहतो. रिन्युअलला मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर मालाची किंमत विचारली होती आणि वाढवून कोटेशनही पाठवलं होतं, तुमचं उत्तर आलं की बँकेला चालतंय तेवढंच ठेवा. मेसेज आहे अजून. आणि सर्व्हेयरने मालाची किंमत मनाने धरलेली नाही, तुम्ही दर महिन्याला बँकेत देता त्या स्टॉक स्टेटमेंटवरून आणि जीएसटी रिटर्नवरून काढली. सर्व्हेयर कंपनी नेमते, त्याला आयआरडीएआयचं, म्हणजे विमा नियामक संस्थेचं, लायसन्स लागतं, आमचा त्यात हात नसतो आणि क्लेम कमी झाला म्हणून आम्हाला एक रुपयाही जास्त मिळत नाही.

पण एका मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे आणि तो मला मनापासून लढायचाय. सॅल्व्हेज. खालच्या दोन फळ्यांवरच्या साड्या मी स्वतः हातात घेऊन बघितल्यात, घड्यांच्या आत गाळ बसलेला, जरीचा रंग शेजारच्या साडीला लागलेला, त्या मालाला एवढी किंमत धरणं मला पटलेलं नाही. ॲव्हरेजवर भांडून हाती काही लागणार नाही, सॅल्व्हेजवर लागू शकतं.

सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागून घ्या, तुमचा हक्क आहे. त्यावर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्यायचं, महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे जायचं, तिथे फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज पाहिजे. भिजलेल्या मालाचे फोटो आणि खरेदीची बिलं घेऊन ऑफिसला या, कंपनीला द्यायचं पत्र त्याच दिवशी बसून लिहू, त्याचे पैसे मी घेत नाही.