चुळबुळ करतो म्हणून पीटी बंद!

आज शाळेतून चिठ्ठी आली. ‘आपला पाल्य वर्गात सतत चुळबुळ करतो, त्यामुळे या आठवड्यात त्याला पीटीच्या तासाला सोडले जाणार नाही. नोंद घ्यावी.’ घेतली नोंद. तेव्हापासून डोकं तडतडतंय.

पोराला एका जागी बसवत नाही, म्हणून शिक्षा काय? तर त्याला अजून बसवून ठेवायचं! सकाळपासून बाकावर हाताची घडी, तोंडावर बोट. आठ वर्षांचं मूल चुळबुळ करणार नाही तर काय करेल? ज्या एका तासाला त्याचे हातपाय मोकळे होतात, नेमका तोच काढून घेतला. बाकीची मुलं मैदानावर पळतायत आणि हा वर्गात शुद्धलेखन लिहीत बसलाय. उद्या चुळबुळ वाढणार, मग परवा पुन्हा चिठ्ठी. गणितात कच्च्या असलेल्या मुलाचा गणिताचा तास कधी बंद केलाय कुणी? त्याला जादा तास लावता ना? मग ज्याला हालचालीची गरज आहे त्याला मैदानावर जादा वेळ का नाही?

हे मी माझ्या मनाचं बोलत नाहीये. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ सालीच स्पष्ट लिहून ठेवलंय, की शिक्षा म्हणून किंवा अभ्यास उरलाय म्हणून मुलांची मधली सुट्टी काढून घेऊ नका. इतकी वर्षं झाली तरी आपण तिथेच.

आणि तो पीटीचा तास तरी धड असतो का? आधी रांग, मग हजेरी, मग सावधान-विश्राम, मग एकच चेंडू आणि अख्खा वर्ग आपली पाळी यायची वाट बघत उभा. प्रत्यक्ष पळणं किती, तर दहा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं चांगली दमवणारी हालचाल हवी. रोज! आठवड्यातून दोनदा नव्हे. त्यातही परीक्षा जवळ आली की पहिला बळी पीटीचा. ‘पोर्शन राहिलाय’ म्हटलं की संपलं. भाषेचा तास कापून मुलांना मैदानावर सोडल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

क्रीडादिनाचंही तेच. चार चपळ मुलं धावणार, बाकीची सगळी उन्हात बसून टाळ्या वाजवणार. ज्यांना पळायची खरी गरज आहे ती कायमची प्रेक्षक. जी मुलं हळू धावतात, धापा टाकतात, त्यांना संघात कुणी घेत नाही. मग ती स्वतःच म्हणायला लागतात, मला खेळ आवडत नाही. तुम्हीच नावड लावलीत त्यांना!

घरी आल्यावर तरी खेळू द्यायचं? खाली पकडापकडी सुरू झाली की वरून ओरडा. आवाज करू नका, गाडीला चेंडू लागेल, झाडाला हात लावू नका. आणि हीच माणसं जिन्यात भेटली की मला ऐकवतात, हल्लीची मुलं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत. कुठे काढायचं डोकं? जागा सगळी गाड्यांना दिलीत ना!

मुलींचं तर बोलायलाच नको. अकरा-बारा वर्षांची झाली की लगेच, आता मोठी झालीस, उड्या काय मारतेस. १४६ देशांतल्या शाळकरी मुलामुलींची २०१६ची आकडेवारी आहे, ११ ते १७ वयातली. रोजची ती ६० मिनिटं पूर्ण न करणाऱ्या मुली ८५ टक्के, मुलगे ७८ टक्के. याच वयात हाडं भरतात, मजबूत होतात, आणि त्यासाठी उड्या मारणं, धावणं लागतं. नेमक्या त्याच वर्षांत आपण पोरींना घरात बसवतो. माझ्या भाचीनं सायकल सोडली ती अशाच टोमण्यांमुळे. वेग काय होता तिचा! आता तिचीच आई मला विचारते, ही दिवसभर खोलीत का पडून असते गं?