मोइरा शिअररचा नाच बघायचा तर ऑलिंपिया बघा

ब्रिटिश बॅले नर्तकी मोइरा शिअररचं नाव निघालं की गप्पा १९४८च्या ‘द रेड शूज’वरच थांबतात. सिनेमा मोठा आहेच. पण नर्तकी म्हणून तिची ताकद त्यातून अर्धीच कळते, असं माझं ठाम मत आहे.

त्यातला नाच तुकड्यातुकड्यांत चित्रित झालाय. टेक्निकलर या त्या काळच्या रंगीत चित्रणपद्धतीच्या कॅमेऱ्यात प्रिझमने प्रकाश फोडून तीन निगेटिव्ह एकाच वेळी चालायच्या. त्यासाठी झगझगीत उजेड लागायचा आणि शॉट बदलला की दिव्यांची मांडणी नव्याने. तोवर नर्तकीच्या पोटऱ्या गार पडलेल्या. मग कॅमेरा सुरू झाला की लगेच पूर्ण जोराची उडी! स्नायू दुखावतात ते अशाच वेळी. शिवाय रंगमंचावर एक उडी उतरता उतरता पुढच्या गिरकीला जोर मिळतो. शॉट कापला की तो जोरच निघून जातो. या पद्धतीवर तिने नाराजी बोलून दाखवली होती आणि ती अगदी रास्त होती. छायाचित्रकार जॅक कार्डिफने उडीच्या टोकाला कॅमेऱ्याचा वेग वाढवून नर्तकांना क्षणभर हवेत थांबवलं. दिसतं अप्रतिम, पण ते श्रेय कॅमेऱ्याचं.

म्हणून १९५१चा ‘द टेल्स ऑफ हॉफमन’ हा ऑपेरावरचा सिनेमा लावा. त्यात ती ऑलिंपिया आहे, चावीची बाहुली. संगीत आधीच रेकॉर्ड केलेलं, गळा डोरोथी बाँडचा, नृत्यरचना फ्रेडरिक अ‍ॅश्टनची. सेटवर आवाज टिपायचा नसल्याने कॅमेऱ्यावरचं आवाज दाबणारं अवजड आवरण काढता आलं आणि कॅमेरा तिच्याबरोबर मोकळा फिरला. चावी उतरत जाते तिथे नीट लक्ष द्या. अंग ढिलं पडल्यासारखं दाखवायचं, पण पोट आणि पाठ खरोखर सैल सोडली तर अंगठ्यांवरचा तोल गेलाच. वरून मरगळ, आतून ताठ कणा. हे सोपं नाही हो!

आणि तिला ‘सिनेमातली नर्तकी’ म्हणणाऱ्यांसाठी: १९४६च्या अ‍ॅश्टनच्या ‘सिंफनिक व्हेरिएशन्स’ या बॅलेमधल्या पहिल्या सहा नर्तकांत ती होती. १९४८च्या डिसेंबरात प्रमुख नर्तकी मार्गो फाँटेन जखमी असताना अ‍ॅश्टनच्याच ‘सिंड्रेला’चा पहिला प्रयोग हिनेच केला. ‘रेड शूज’ला तर ती आधी नाहीच म्हणत होती, बॅलेतलं काम मागे पडेल म्हणून.

ऑलिंपियाचा प्रवेश एकदा आवाज बंद करूनही बघा. नजर फक्त मानेवर आणि मनगटांवर ठेवा.