मेस्ताची तालीम

डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचा लाल दिवा पेटला, की फोंड्यात निदान करणाऱ्यांना तोटा नसतो. शेजारचे काका खाणीवर ट्रक चालवायचे. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, तेव्हापासून त्यांची सगळी विद्या आमच्या गेटापाशी पार्क केलेली असते. "जाड तेल घाल, वीस-पन्नास! दिवा जातो की नाही बघ." दीर म्हणाले, दिव्याची वायरच काढून टाक. सासूबाईंनी म्हाळसेला नारळ बोलला. तिघांत त्यांचाच उपाय इंजिनाला अपाय न करणारा होता.

डिपस्टिकवर तेल पुरेपूर दिसत होतं, म्हणून सगळ्यांचं एकमत असं की दिवाच खोटारडा. पण हा दिवा तेल किती आहे ते सांगतच नाही. तेलाला दाब आहे की नाही, एवढंच सांगतो. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये चार लिटर तेल असलं तरी ते पंपाने उचलून बेअरिंगपर्यंत ढकललं नाही, तर त्याचा उपयोग शून्य. (आमच्या नळयोजनेच्या टाकीचंही असंच आहे, पण तो विषय वेगळा.)

शेवटी गाडी ढकलत मेस्ताकडे नेली. मेस्त कसबी माणूस, पण जत्रेच्या दिवसांत तो मेकॅनिक कमी आणि नट जास्त असतो. गावच्या देवळात जत्रेला मराठी नाटक व्हायलाच हवं आणि यंदा त्याच्याकडे औरंगजेब आलेला. दुपारी एकला गॅरेज बंद. हुमण-भात आणि झोप. चारला उघडायचं ते साताच्या तालमीपर्यंत. माझी गाडी त्या तीन तासांत बसवायची.

त्याने दिव्याचा स्विच काढून तिथे दाब मोजायचा गेज लावला. इंजिन थंड असताना काटा ठीक चढला. पण गरम झालं, तेल पातळ झालं, आणि आयडलिंगला, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवल्यावर, काटा असा लोळला की काकांनीही मान फिरवली. "जाड तेल घातलं तर काटा चढेल, टीचर. पण दुखणं आतच राहील," मेस्त म्हणाला आणि गाडीखाली सरकला. जाता जाता नाटकाची वही माझ्या हातात दिली. मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे उच्चार सुधारण्याचं काम ओघानेच माझ्याकडे. एका हातात औरंगजेब, दुसऱ्या हातात चौदाचा पाना.

चेंबर उतरलं आणि खालून गर्जना आली, "दगा! दगा झाला आहे!" मी वही चाळू लागले. वाक्य वहीत नव्हतं. पंपाच्या तोंडाची जाळी काळ्या चिखलाने बुजली होती, आणि त्या चिखलात सिलिकॉनचे तुकडे. मागे कुठल्याशा गॅरेजात कुणी चेंबर बसवताना पॅकिंगच्या जागी सिलिकॉन लोण्यासारखं थापलं होतं. आत फुगलेलं तुटून थेट जाळीवर. चिखल मात्र घर-शाळा-बाजार या फेऱ्यांचा. एवढ्याशा अंतरात इंजिन पुरतं तापत नाही, आत जमलेलं वाफेचं पाणी उडून जात नाही, आणि तेलाचा राबडा होतो. म्हणून गाडी कमी चालली तरी तेल मुदतीत बदलायचं असतं.

पंप क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या तोंडावर, टायमिंग बेल्टच्या मागे. म्हणजे बेल्ट काढा, पुली काढा, कव्हर काढा, आणि मग तळहाताएवढ्या त्या वस्तूचं दर्शन घ्या. आत दोन चक्रं, एकात एक. आतल्याला बाहेरच्यापेक्षा एक दात कमी. दोघांमधली फट वाढत जाते, तेल तिथे ओढलं जातं आणि पुढे ती फट मिटत आली की दाबलं जातं. झीज मोजायची फिलर गेजने, मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्शात. आमच्या चक्रांवर ओरखडेच ओरखडे होते.

पुलीचा बोल्ट मात्र हलेना. पोरगा फ्लायव्हील अडवून बसलेला, मेस्त पान्यावर लोंबकळलेला, आणि मी चालू पानावरचं वाक्य सांगितलं. मेस्ताने ते जोशात उचललं, "सोडा त्याला!" पोराने सोडलं. क्रँक गरकन फिरला, आलमगीर ऑइलच्या ट्रेमध्ये.

नवा पंप "फाल्यां येता", म्हणजे उद्या येतो, असं चालत चालत एकदाचा मडगावहून आला. तो कोरडा बसवत नाहीत. विहिरीवरच्या पंपात आधी पाणी ओततात तसं याच्यातही तेल भरायचं, नाही तर तो नुसती हवा ओढत बसतो. जाळी धुतली, ऑइल सील नवा, टायमिंगच्या खुणा जुळवल्या, फिल्टर आणि तेल नवं. मग प्लगच्या वायरी काढून नुसता स्टार्टर मारायचा, थांबून थांबून, दिवा विझेपर्यंत. दिवा विझला तेव्हा काका म्हणाले, "मी सांगितलंच होतं." काय ते विचारायची माझी छाती झाली नाही.

बिलात पंप सगळ्यात स्वस्त. मजुरी त्याच्या कितीतरी वर, आणि तळाशी 'नाटक वर्गणी'. मी निमूट दिली. गॅरंटी किती, विचारलं.

"पुढच्या जत्रेपर्यंत, टीचर," मेस्त म्हणाला. "त्या वेळी मी संभाजी. वही आताच घेऊन जा."